ब्रेक शोधायचा तर चाकापासून उलटं चालत या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडात बनलेलं चार चाकी शंटिंग (यार्डात डबे इकडे-तिकडे हलवणारं) इंजिन, बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी. त्याचं तुम्ही ५ इंची गेजवर, म्हणजे दोन रुळांमधे ५ इंच अंतर धरून, वाफेवर चालणारं मॉडेल बनवताय. हाताशी तीन जुने फोटो आणि बाजूचं एक रेखाचित्र. चाकाजवळ ब्रेकचे ब्लॉक दिसतात, पण ते कुठून ओढले जातात ते फ्रेमच्या आतल्या काळोखात हरवलंय. ब्रेक हाताचा असेल की वाफेचा, आत नेमकं काय बसवायचं, आणि मॉडेलमध्ये तो खरंच लागेल का, हे तुम्हाला हवंय.

माझं सांगणं एवढंच की फोटोवरून आत शिरू नका. चाकावर जो दाब पडतो तो धरा आणि त्याच्या मागोमाग उलटं चालत ड्रायव्हरच्या हातापर्यंत या. वाटेत जो भाग लागेल तो असायलाच हवा, आणि तो कुठे असू शकतो हेही बहुतेक वेळा तिथेच ठरतं. फोटो शेवटी, पडताळायला.

हे शहाणपण मला उशिरा आलं. मी सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग काढणारा लेथवाला. दिवसा लूमचे पार्ट, रात्री इंजिन. पहिल्या इंजिनाला मी फोटो बघून चाकांच्या मागच्या अंगाला ब्लॉक लावले, केबिनखाली ब्रेक शाफ्ट, म्हणजे फिरून ब्रेक ओढणारा आडवा दांडा, बसवला, मधे ३ मिलिमीटरची दांडी. दिसायला झकास. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक फिटर घरी चहाला आले होते. त्यांनी इंजिन उपडं केलं, ब्रेकचा दांडा फिरवला आणि म्हणाले, "हे ढकलायलंय व्हय? वाकंल की दांडी." वाकली. नंतर फोटो भिंगाखाली धरला तेव्हा कळलं, मागच्या चाकामागे जी उभी काळी रेघ मी ब्रेकचा हँगर (ब्लॉक टांगणारी उभी पट्टी) समजलो होतो ती वाळूची नळी होती, चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडणारी. शंटिंग इंजिन दोन्ही दिशांना राबतं, म्हणून पुढच्या चाकापुढे आणि मागच्या चाकामागे, दोन्हीकडे वाळूच्या नळ्या असतात. सावलीत त्या अगदी हँगरसारख्या दिसतात.

फिटरकाकांचं ते वाक्य हाच पहिला नियम. ब्रेकची लांब दांडी ओढली गेली पाहिजे, ढकलली जाता कामा नये. ओढताना बारीक दांडीही टनावारी जोर सोसते. ढकलताना तीच मधे फुगून वाकते, आणि लांबी दुप्पट केली तर वाकण्याआधी सोसायची ताकद चौथाईवर येते. तेव्हा ब्लॉक चाकाच्या पुढच्या अंगाला असतील तर ते दाबायला खालचा ब्रेक बीम, म्हणजे डाव्या-उजव्या हँगरांची खालची टोकं जोडणारी आडवी दांडी, मागे खेचावा लागतो. मग ब्रेक शाफ्ट मागे, केबिनखाली असणं सरळ आहे. ब्लॉक चाकाच्या मागच्या अंगाला असतील तर बीम पुढे जायला हवा. मग शाफ्ट पुढच्या बाजूला शोधा.

याला अपवाद आहेत. काही छोट्या चार चाकी इंजिनांत ब्लॉक दोन्ही आसांच्या मधे असतात, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे. तिथे शाफ्ट मधोमध बसवून त्याला एक हात वर, एक खाली दिला की दोन्ही बीम एकमेकांपासून लांब सरकतात. इथे दांड्या ढकलल्याच जातात, पण त्या वीतभर असतात, म्हणून चालतं. तुमच्या पहिल्या फोटोत दोन चाकांच्या बरोबर मधली, शाफ्टची जागा मोकळी दिसते, तेव्हा ही शक्यता मी बाजूला ठेवतोय.

आता दांडी जाणार कुठून? चार चाकी टँक इंजिनात फायरबॉक्स मागच्या आसाच्या आसपास असतो आणि त्याच्या खाली राखेचा ट्रे. फ्रेमच्या मध्यरेषेवरून सरळ दांडी काढली तर ती ट्रेला नडते. मार्ग दोनच: दांडी ट्रेच्या खालून न्यायची किंवा दोन दांड्या करून चाकांच्या बाहेरून न्यायच्या. खालून नेली तर रुळाच्या माथ्यापासून अंतर सांभाळायला हवं, आणि टायर झिजून चाक लहान झाल्यावर सगळं इंजिनच खाली उतरतं हेही धरायला हवं. बाहेरून असती तर तुमच्या फोटोत चाकाच्या तळाशी आडवी दांडी दिसलीच असती. दिसत नाही, म्हणजे ती आतून आहे. जे दिसत नाही त्यावरूनही माहिती मिळते ती अशी. आत व्हॉल्व्ह गियरच्या (सिलिंडरात वाफ कधी सोडायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) एक्सेंट्रिक दांड्याही फिरत असतात. त्यांचा खालचा फेरा आधी कागदावर काढा आणि ब्रेकची दांडी त्याखाली ठेवा.

हँगरची जागा ठरवताना फोटोवर फार विसंबू नका, कारण इथे दोन-तीन मिलिमीटरनी फरक पडतो. चाक फिरत असताना ब्लॉक चिकटला की चाक त्याला आपल्याबरोबर वर किंवा खाली ओढू बघतं. हँगरची रेषा ब्लॉकच्या स्पर्शबिंदूपाशी चाकाला स्पर्शिका असेल तर ही ओढ सरळ हँगरच्या लांबीत जाते, आणि ब्लॉकचा दाब आहे तेवढाच राहतो. हँगरची वरची पिन त्या रेषेतून सरकली की मात्र एका दिशेने जाताना ब्लॉक आपोआप जास्त आवळतो आणि उलट दिशेने जाताना सैल पडतो. नेहमी पुढे धावणाऱ्या इंजिनात ते एक वेळ खपेल. शंटिंगवाल्याला दर मिनिटाला पुढे-मागे करायचं असतं. त्याला ब्रेक दोन्हीकडे सारखाच हवा. म्हणून ब्लॉकचा मध्य आसाच्या मध्याच्या उंचीला किंवा किंचित खाली, आणि वरची पिन टायरच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर वर. कागदावर चाकाचं वर्तुळ काढा, पट्टी लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता हाताचा की वाफेचा. कारखान्याच्या आवारातल्या छोट्या इंजिनाला नुसता हातब्रेकही चालून जात असे. मोठ्या कामाला वाफेचा ब्रेक आणि उभं करून ठेवायला हातब्रेक. १८८९ साली, तेव्हा ब्रिटिश राजवटीत असलेल्या आयर्लंडमधल्या आर्माला प्रवासी गाडीची भीषण दुर्घटना झाली, आणि त्याच वर्षी ब्रिटनने कायदा करून प्रवासी गाड्यांना सगळ्या डब्यांत एकदम लागणारा ब्रेक सक्तीचा केला गेला. मालगाड्यांना ती सक्ती नव्हती. त्यामुळे फक्त माल हलवणाऱ्या तिथल्या इंजिनाला गाडीभर ब्रेक लावणारा व्हॅक्यूमचा (हवा ओढून काढायचा) पाइप नसणं स्वाभाविक आहे. तुमच्या फोटोत बफर बीमवर (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या तुळईवर) कपलिंगशेजारी उभा पाइप आणि रबरी होज नाही, विषय संपला. तेच इंजिन उद्या जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) रंगात रंगवून सोलापूर यार्डात उभं करायचं मनात असेल तर मात्र व्हॅक्यूम पाइपचा विचार करा, कारण आपल्याकडच्या गाड्यांना अनेक दशकं व्हॅक्यूम ब्रेकच होते.

वाफेचा ब्रेक इतका सोयीचा का, ते आकड्यांत बघू. तुमच्या इंजिनाचं खरं वजन ३० टन धरा. चारही ब्लॉकांवर मिळून दाब किती द्यायचा? मी वजनाच्या ६० टक्के धरतो, म्हणजे १८ टन. जास्त का नको, त्याचं उत्तर इंग्रज अभियंते डग्लस गाल्टन यांनी हवेच्या ब्रेकचे संशोधक वेस्टिंगहाउस यांच्याबरोबर १८७८ साली लंडन-ब्रायटन रेल्वेवर घेतलेल्या चाचण्यांत आहे: वेग कमी होत जातो तसं ब्लॉक आणि चाकामधलं घर्षण वाढतं, आणि चाक जाम होऊन घसरू लागलं की उलट थांबवण्याची ताकद घटते. शंटिंग इंजिन सदा कमी वेगातच असतं, म्हणजे घर्षण जास्त असण्याच्याच टापूत. त्यात टाकीतलं पाणी आणि बंकरमधला कोळसा संपत आला की इंजिन हलकं होतं. भरल्या टाकीचा हिशेब धरून आवळलेला ब्रेक रिकाम्या टाकीला चाकं जाम करतो.

१८ टन हवेत. वाफेचा ब्रेक सिलिंडर ८ इंची असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस सेंटिमीटर; दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो धरला तर जोर ३,२४० किलो. १८,००० भागिले ३,२४०, म्हणजे साडेपाच पट वाढवायला हवा. ही वाढ दोन ठिकाणी मिळते. ब्रेक शाफ्टवर सिलिंडरकडचा हात १५ इंच आणि दांडीकडचा हात ५ इंच: तीन पट. हँगर वरच्या पिनपासून बीमपर्यंत २४ इंच आणि ब्लॉक वरून १३ इंचांवर: १.८५ पट. तीन गुणिले १.८५, साडेपाच. हे माप मी उदाहरणादाखल जुळवलंय, पण तुमच्या रेखाचित्रावरून हँगर मोजता येईल. तो गुणक कळला की शाफ्टचे हात किती असायला हवेत ते उलट्या हिशेबाने निघतं.

हाच जोर (पाऱ्याच्या) २१ इंचांच्या व्हॅक्यूमवर काढायचा तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.७२ किलो मिळतात, म्हणजे जवळपास ३० इंच व्यासाचा सिलिंडर लागेल. चार चाकी इंजिनाच्या पोटात तो ठेवणार कुठे?

हातब्रेकचंही बघा. ३० सेंटिमीटरचा दांडा, एका फेऱ्यात १२ मिलिमीटर सरकणारा स्क्रू, माणसाचा २५ किलो जोर. कागदावर दीडशेपट वाढ, पण स्क्रूच्या घर्षणात तीन चतुर्थांश खर्ची पडते असं धरलं तर हाती टनभर उरतो. वाफेच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाही. उभं इंजिन जागेवर धरायला तो पुरतो. चालत्या डब्यांच्या रांगेला थोपवायला फायरमनचे दंड भरून येतात. दोन्ही ब्रेक एकाच शाफ्टला जोडलेले असतात, आणि इथेच मॉडेलवाले फसतात. हातब्रेकचा दुवा शाफ्टला पक्का जोडला तर वाफ सोडल्यावर पिस्टन स्क्रूशी भांडतो आणि काहीच हलत नाही. त्या दुव्याला लांबट खाच हवी. वाफेने शाफ्ट फिरला की पिन खाचेत मोकळी सरकते, हाताने आवळला की खाचेच्या टोकाला जाऊन ओढते. पिस्टनच्या दांडीलाही तशीच मोकळीक द्या. शक्य झालं तर एखाद्या जतन केलेल्या इंजिनाच्या खाली डोकावून ही खाच बघा, एकदा पाहिली की विसरत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: मॉडेलमध्ये लागेल का? लागेल, पण माप जसंच्या तसं लहान केलं तर नको तेवढा लागेल. ५ इंची गेजवर ब्रिटिश स्टँडर्ड गेजचं इंजिन म्हणजे फुटाला १ पूर्णांक १/१६ इंच, सुमारे ११.३ ला १. त्या हिशेबाने ८ इंची सिलिंडर १८ मिलिमीटरचा होतो. लांबी ११.३ पट घटली की क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने घटतं, वजन मात्र घनाने. वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलो धरला तर १८ मिलिमीटरचा पिस्टन १४ किलो जोर देतो, साडेपाच पटीने ७७ किलो. तुमचं इंजिन ४० किलोचं भरेल. वजनाच्या जवळपास दुप्पट दाब! व्हॉल्व्ह उघडताच चाकं जाम, रुळावर घसरपट्टी, आणि टायरवर चपटे डाग.

पाहिजेत २४ किलो. २४ भागिले साडेपाच, पिस्टनवर ४.४ किलो, ते ५.५ च्या दाबाला ०.८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १० मिलिमीटरचा बोअर. बाहेरून १८ चा दिसणारा सिलिंडर करा आणि आत १० चा बोअर काढा. ओ-रिंगचं घर्षण आणि परतीची स्प्रिंग थोडा जोर खातात, म्हणून मी ११ चा काढतो. स्प्रिंग लूमच्या जुन्या सामानातून निवडा. इथे एवढे कारखाने असताना ती विकत घेऊ नका.

पाण्याचं विसरू नका. थंड सिलिंडरमध्ये वाफ शिरली की आधी तिचं पाणीच होतं. खऱ्या इंजिनात तळाशी छोटा गोळी-व्हॉल्व्ह असतो. दाब नसला की गोळी सुटते आणि पाणी गळून जातं, दाब आला की ती बसते. ३ मिलिमीटरच्या गोळीचा असा व्हॉल्व्ह ५ इंचीत सहज होतो. तो नसला तर ब्रेक सोडल्यावरही पाणी पिस्टनमागे अडकून राहतं आणि ब्लॉक घासत राहतात.

ब्लॉक आणि चाकामधली फट खऱ्यात ६ मिलिमीटर असेल तर पिस्टन ३३ मिलिमीटर सरकतो. मॉडेलमध्ये अर्धा मिलिमीटर फटीला पावणेतीन. पण आपल्या पिनांचा ढिलेपणाच कधी कधी तेवढा असतो. सात पिना, प्रत्येकीत पाव मिलिमीटर ढिलाई, की पिस्टन टोकाला टेकला तरी ब्लॉक हवेतच. म्हणून भोकं ड्रिलने मोठी करून भागवू नका, रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवा. स्ट्रोक ८ मिलिमीटर ठेवा. आणि मुख्य दांडीत टर्नबकल (लांबी कमी-जास्त करणारा आट्यांचा जोड) द्या. खऱ्या इंजिनातही ब्लॉक झिजेल तसं तिथेच आवळतात. दोन्ही बीमवर सारखा जोर जायला मधे छोटी समतोल दांडी द्या, मधे पिन आणि दोन्ही हात सारखे. उद्या सहा चाकी केलंत तर तीन बीमसाठी पहिल्या समतोल दांडीचे हात २ ला १ असे करावे लागतील, आखूड हात पुढे दोन बीमकडे जाणारा. दांड्या आणि बीमखाली पिन तुटली तर झेलायला पट्ट्या असतात, त्या जरूर लावा. छान दिसतात आणि एखाद दिवशी कामीही येतात. ब्लॉक बिडाचेच करा. पितळेचे चमकतात, पण मला ते पटत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, नाहीतर बोरामणीच्या शेतात रूळ टाकून नातवंडांना फिरवाल आणि मला शिव्या द्याल. इंजिनाचा ब्रेक कितीही नीट केलात तरी गाडी त्याने थांबत नाही. तुम्ही ७० किलो, ट्रॉली २५, दोन मुलं ५० आणि इंजिन ४०: एकूण १८५. इंजिनाच्या चार ब्लॉकांतून थांबवणारा जोर साधारण ६ किलोच मिळतो. ताशी ८ किलोमीटर वेगाने जात असाल तर सपाटीवर थांबायला ८ मीटर लागतील, आणि ५० ला १ च्या उतारावर त्या ६ किलोंपैकी ३.७ किलो उतारच खाऊन टाकतो. तुमच्या वजनाने ट्रॉलीच्या चाकांवर जो भार आहे, खरी पकड तिथे आहे. म्हणून ट्रॉलीला पायाने दाबायचा ब्रेक आधी लावा, इंजिनाचा नंतर. तुमचे लूम आहेत म्हणालात, तर बाण्याचा धागा तुटल्यावर लूम जागच्या जागी थांबवणारा ब्रेक उघडून बघा. पायाने दाबायच्या ब्रेकला लागणारे तरफ आणि घर्षणपट्टा त्यात आहेत.

सुरुवात म्हणून तिसरा फोटो मोठा स्कॅन करा, सावलीतला भाग उजळवा आणि मागच्या चाकामागची उभी रेघ शेवटपर्यंत बघा. खाली जाऊन ती चाक आणि रुळाच्या सांध्याकडे वळत असेल तर ती वाळूची नळी. मग तुमचे ब्लॉक चाकांच्या पुढे आणि शाफ्ट केबिनखाली. रेघ सरळ खाली येऊन आडव्या बीमला टेकत असेल तर मला तो फोटो पाठवा, मग शाफ्ट पुढे शोधावा लागेल.